बारव

बारव म्हणजे पाण्याच्या पातळीपर्यंत पायऱ्यांनी उतरून जाता येईल अशी, दगडाने किंवा विटांनी बांधून काढलेली विहीर होय. महाराष्ट्राच्या पठारी भागात, विशेषतः मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश व विदर्भात, बारवा मोठ्या संख्येने आढळतात. गावाला व वाटसरूंना पिण्याचे पाणी पुरविणे, जनावरांची तहान भागविणे, शेतीला व बागेला पाणी देणे आणि देवळातील नित्यपूजेसाठी पाणी उपलब्ध करून देणे, असे अनेक हेतू एकाच वास्तूने साधले जात. त्यामुळे बारव ही केवळ विहीर नसून ग्रामीण भागातील सार्वजनिक वास्तूचा एक प्रमुख प्रकार मानली जाते.

स्थानिक दगड, उताराची नैसर्गिक दिशा आणि भूजलाचा चढउतार यांचा मेळ घालून यंत्राविना चालणारी ही रचना शतकानुशतके टिकली. मात्र ज्या पायऱ्यांमुळे पाणी सर्वांच्या हाताशी आले, त्याच पायऱ्यांमुळे माणसाचे पाय पिण्याच्या पाण्यात पडत आणि त्यातून नारूसारखे रोग पसरत. शिवाय सार्वजनिक म्हणून बांधलेल्या पाणवठ्यांवर अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना दीर्घकाळ मज्जाव होता. बारवांचा इतिहास पाहताना आणि आज त्यांचा पाणीपुरवठ्यासाठी पुन्हा विचार करताना या दोन्ही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

संज्ञा

पायऱ्या असलेल्या विहिरीला मराठीत बारव किंवा पायविहीर म्हणतात. पायऱ्या नसलेल्या, दोर व बादलीने पाणी शेंदण्याच्या अरुंद विहिरीस आड म्हणतात. मंदिराच्या आवारातील, चारही बाजूंनी पायऱ्या असलेल्या उघड्या जलाशयाला पुष्करणी, पोखरण किंवा कुंड अशी नावे आहेत. बोलीभाषेत या संज्ञांच्या सीमा काटेकोर नाहीत. एकाच वास्तूला एका गावात बारव तर शेजारच्या गावात कुंड म्हटले जाते.

पायविहिरींना गुजरातीत वाव आणि राजस्थान व उत्तर भारतात बावडी किंवा बावली म्हणतात. ही नावे संस्कृत 'वापी' या शब्दाशी निगडित आहेत. बाराव्या शतकाच्या सुमारास पश्चिम भारतात रचल्या गेलेल्या 'अपराजितपृच्छा' या शिल्पग्रंथात वापीचे चार प्रकार सांगितले आहेत. एका मुखाची ती नंदा, दोन मुखांची भद्रा, तीन मुखांची जया आणि चार मुखांची विजया होय. येथे मुख म्हणजे पायऱ्यांनी उतरण्याचा प्रवेशमार्ग.

भूजलशास्त्रीय पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट खडक आहे. ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ मुरत नाही. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांमध्ये, दोन थरांच्या सांध्यांत आणि थरांच्या माथ्यावरील सच्छिद्र, तुलनेने ठिसूळ खडकात. विहीर खोदणारे लोक या ठिसूळ खडकाला मांजऱ्या म्हणतात. असे जलधर थर जाडीने कमी असतात. पावसाळ्यात ते लवकर भरतात आणि उन्हाळ्यापर्यंत बरेचसे रिते होतात.

अशा भूभागात विहिरीला दोन कामे करावी लागतात. एक, झऱ्यांतून झिरपणारे पाणी मिळविणे; दुसरे, ते साठवून ठेवणे. झरे मंद असल्याने रात्रभर झिरपलेले पाणी सकाळी वापरता यावे यासाठी विहिरीचा व्यास मोठा लागतो. १५ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाण्याचा एक मीटर उंचीचा थर म्हणजे सुमारे १ लाख ७७ हजार लिटर साठा होतो. उलट १५ सेंटिमीटर व्यासाच्या विंधन विहिरीत, म्हणजे बोअरवेलमध्ये, तेवढ्याच उंचीच्या थरात जेमतेम १८ लिटर पाणी मावते. विंधन विहीर खोलवरच्या पाण्यापर्यंत पोहोचते, परंतु साठवण करीत नाही. मोठ्या व्यासाची बारव मात्र विहीर आणि टाकी अशी दोन्ही कामे करते.

भूजलाची पातळी ऋतूनुसार अनेक मीटर खालीवर होते. पायऱ्यांच्या योजनेमागील मुख्य कारण हेच होय. पाणी वर असताना वरच्या पायरीवरून आणि खाली गेल्यावर खालच्या पायरीवरून भांडे भरता येते. पाण्याची पातळी कोणतीही असली तरी माणूस पाण्यापर्यंत पोहोचतो.

रचना

बारवेचे साधारणपणे तीन भाग असतात: प्रवेश व पायऱ्यांचा मार्ग, मधले टप्पे आणि तळाचा जलकुंड किंवा विहिरीचा मुख्य घेर. जमिनीच्या पातळीवर कठडा किंवा पार असतो. तेथून पायऱ्या सरळ किंवा काटकोनात वळण घेत खाली जातात. ठरावीक अंतरावर रुंद टप्पे सोडलेले असतात. डोक्यावर हंडा घेऊन चढणाऱ्या व्यक्तीला तेथे थांबता येते आणि समोरून उतरणाऱ्यांना वाट मिळते. मोठ्या बारवांमध्ये टप्प्यांवर कमानी, ओवऱ्या किंवा खांबांनी तोललेली दालने असतात. भर उन्हाळ्यातही तेथे गारवा राहत असल्याने वाटसरू विसाव्यास थांबत.

भिंतींमध्ये देवकोष्ठ, म्हणजे मूर्ती ठेवण्याचे कोनाडे, कोरलेले असतात. त्यांत गणेश, शेषशायी विष्णू, सप्तमातृका अशा देवतांच्या मूर्ती आढळतात. ग्रामीण परंपरेत साती आसरा या जलदेवतांचे स्थानही पाणवठ्याजवळ मानले जाते. पाणवठ्याला देवत्व दिल्याने तेथे घाण करू नये असा संकेत समाजात रुजण्यास मदत झाली.

यादवकालीन बारवांचे बांधकाम बहुधा घडीव दगडांचे व चुन्याविना केलेले, म्हणजे सामान्यतः हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे असते. दगड एकमेकांत घट्ट बसविलेले असले तरी त्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपू शकते. त्यामुळे दोन गोष्टी साधतात. बाजूच्या मुरमातील पाणी विहिरीत उतरते आणि पावसाळ्यात भिंतीमागे पाण्याचा दाब साचून भिंत ढासळण्याचा धोका कमी होतो. अशा भिंतींची डागडुजी करताना सांधे सिमेंटने बुजविल्यास झरे बंद होतात आणि मागील दाब वाढून भिंतीला फुगवटा येऊ शकतो. नंतरच्या काळातील बांधकामांत चुन्याचा वापर वाढलेला दिसतो.

शेतीला व बागेला पाणी देणाऱ्या बारवांवर मोटेची व्यवस्था असे. चामड्याची मोट बैलांच्या जोडीने ओढली जाई. बैल ज्या उतारावरून पुढे-मागे जात त्याला धाव म्हणतात. वर आलेली मोट थारोळ्यात रिती होई आणि तेथून पाणी पाटाने शेतात किंवा हौदात जाई. अनेक बारवांच्या काठावर मोटेच्या दोराने झिजलेले दगड आणि थारोळ्याचे अवशेष आजही दिसतात. पायऱ्यांची बाजू माणसांसाठी व मोटेची बाजू शेतीसाठी अशी विभागणी अशा बारवांमध्ये असते.

प्रकार

बारवांचे वर्गीकरण सामान्यतः तलविन्यासावरून, म्हणजे वरून दिसणाऱ्या आकारावरून केले जाते.

चौरस किंवा आयताकृती: एका, दोन, तीन किंवा चारही बाजूंनी पायऱ्या. चारही बाजूंनी उतरत्या पायऱ्या असलेली रचना पुष्करणीला जवळची असते.

गोल व अष्टकोनी: मुख्य घेर गोल किंवा अष्टकोनी आणि पायऱ्यांचा मार्ग एका बाजूने. गोल भिंत मातीचा दाब सर्व बाजूंनी सारखा पेलते, म्हणून खोल विहिरींसाठी हा आकार सोयीचा ठरतो.

शिवलिंगाकार: गोल किंवा अष्टकोनी घेराला जोडून लांब, निमुळता पायऱ्यांचा मार्ग असल्याने वरून शिवलिंगासारखा दिसणारा आकार.

काटकोनी: पायऱ्यांचा मार्ग मध्येच काटकोनात वळतो. कमी जागेत जास्त खोली गाठण्यासाठी ही रचना उपयोगी पडते.

चक्राकार: पायऱ्या विहिरीच्या घेराभोवती वळत खाली उतरतात. हा प्रकार दुर्मिळ आहे.

इतिहास

महाराष्ट्रात पाणी साठविण्याच्या बांधीव व खोदीव रचनांची परंपरा सातवाहन काळापासून दिसते. कान्हेरी, नाणेघाट इत्यादी ठिकाणी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांमधील शिलालेखांत पाण्याच्या टाक्याच्या दानाची नोंद 'पोढी' या शब्दाने केलेली आढळते. पाणी उपलब्ध करून देणे हे पुण्यकर्म मानले जाई आणि व्यापारी, भिक्षू, स्त्रिया अशा विविध स्तरांतील दात्यांनी ते केले.

पठारावरील अनेक बारवा बाराव्या-तेराव्या शतकांतील यादव काळाशी जोडल्या जातात. मंदिर व बारव यांची एकत्र उभारणी हे या काळाचे वैशिष्ट्य होय. पुढे बहमनी व निजामशाही काळात, तसेच मराठा काळात ही परंपरा चालू राहिली. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी देशाच्या अनेक भागांत घाट, धर्मशाळा, विहिरी व बारवा बांधल्या. तीर्थयात्रेच्या व व्यापाराच्या मार्गांवर पाण्याची सोय करणे हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता.

सामाजिक बाजू

देखभाल

बारव टिकते ती देखभालीमुळे. पावसाच्या पाण्याबरोबर वाहून येणारी माती तळाशी साचते आणि झऱ्यांची तोंडे बुजतात. म्हणून उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की गाळ उपसणे, भिंतीत उगवलेली वड-पिंपळाची रोपे मुळासकट काढणे आणि निखळलेले दगड पुन्हा बसविणे ही कामे करावी लागतात. गाव एकाच पाणवठ्यावर अवलंबून होते तोवर या कामांची निकड सर्वांना जाणवे. नळ आल्यावर ती निकड संपली आणि देखभालही थांबली.

पाणी वाहण्याचे कष्ट

पाणी आणण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांवर असे. पाच जणांच्या कुटुंबाला प्रतिमाणशी ५५ लिटर या हिशेबाने दिवसाला २७५ लिटर पाणी लागते. १५ लिटरच्या घागरीने ते आणायचे तर १८ ते १९ खेपा होतात. पाणी खाली गेलेले असताना प्रत्येक खेपेला अनेक मजल्यांइतकी चढउतार करावी लागे. त्यामुळे प्रत्यक्ष वापर यापेक्षा पुष्कळ कमी राही. वास्तू म्हणून बारव कितीही देखणी असली, तरी घरात पाणी पोहोचविण्याचे काम ती स्वतः करीत नाही.

प्रवेशाचा हक्क

बारव, विहीर व तळे ही गावाची मालमत्ता मानली जात असली, तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना त्यांवर पाणी भरू दिले जात नसे. त्यांना वेगळ्या आडावर किंवा नदी-ओढ्यावर अवलंबून राहावे लागे, अथवा कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहावी लागे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असे त्यात म्हटले होते. त्याच्या अंमलबजावणीस विरोध झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाड येथील चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला आणि अस्पृश्यांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. तळ्याच्या वापराविषयीच्या न्यायालयीन लढ्याचा अंतिम निकाल १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने दिला.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा जनतेच्या वापरासाठी समर्पित केलेल्या अशा ठिकाणांचा वापर करण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणत्याही नागरिकाला प्रतिबंध करता येत नाही. पाणवठ्याचे सार्वजनिकपण हे बांधकामाने नव्हे, तर वापराच्या हक्काने ठरते, हे या तरतुदीतून स्पष्ट होते.

पाण्याची शुद्धता

बारवेचे पाणी जमिनीतून गाळून येत असल्याने मुळात स्वच्छ असू शकते. परंतु बारव वरून उघडी असते. पावसाचे वाहते पाणी, पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा आणि कपडे व भांडी धुण्याचे पाणी तीत मिसळू शकते. पायऱ्यांनी उतरणारा माणूस पाय पाण्यात ठेवून भांडे भरतो. त्यामुळे अतिसार, विषमज्वर, पटकी यांसारख्या जलजन्य रोगांचा धोका झाकलेल्या विहिरीपेक्षा बारवेत जास्त असतो.

नारू

पायविहिरींशी सर्वांत थेट संबंध असलेला रोग म्हणजे नारू होय. नारू हा एक परजीवी कृमी आहे. त्याच्या अळ्या पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवाच्या पोटात वाढतात. असे पाणी न गाळता प्यायल्यास अळ्या माणसाच्या शरीरात शिरतात. सुमारे एका वर्षाने ६० सेंटिमीटर ते १ मीटर लांबीची मादी, बहुधा पायाच्या कातडीतून, वेदनादायक फोड फोडून बाहेर येऊ लागते. आग शमविण्यासाठी किंवा पाणी भरण्यासाठी रुग्णाने पाय पाण्यात ठेवला की मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते आणि चक्र पुन्हा सुरू होते. रुग्णाचा पाय आणि गावाचे पिण्याचे पाणी यांचा संपर्क ही या रोगाच्या प्रसाराची अट आहे. पायविहिरीच्या रचनेत तो संपर्क सहज घडून येतो.

नारूवर औषध किंवा लस नाही. तरीही भारतातून त्याचे निर्मूलन झाले, ते केवळ पाण्याची व्यवस्था व सवयी बदलून. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी महाराष्ट्रासह सात राज्यांत रोगाचा प्रादुर्भाव होता. रुग्णांचा शोध घेणे, पाणी कापडाने गाळून पिण्याचा प्रचार करणे, पाणवठ्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्सनाशक औषध टाकणे, हातपंप बसविणे आणि पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांचे शेंदण्याच्या विहिरींत रूपांतर करणे, असे उपाय योजले गेले. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

बारवांच्या पायऱ्यांवर बांधलेल्या भिंती किंवा बुजविलेले प्रवेशमार्ग काही ठिकाणी दिसतात. त्यांतील काहींमागे हे आरोग्यविषयक कारण असू शकते. त्यामुळे जुनी बारव पुन्हा खुली करताना तिचा प्रवेश पूर्वी का बंद झाला याची चौकशी करणे इष्ट ठरते.

ऱ्हास

विसाव्या शतकात बारवांचा वापर अनेक कारणांनी कमी झाला. तेलाचे इंजिन व विजेचा पंप आल्याने मोट मागे पडली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात विंधन विहिरी खोदण्याच्या कामाला मोठी गती मिळाली. त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कार्यरत झाली. विंधन विहिरीवर बसविण्याच्या मजबूत हातपंपाच्या विकासात महाराष्ट्राचा वाटा आहे. जालना व सोलापूर येथे तयार झालेल्या पंपांच्या अनुभवावर पुढे 'इंडिया मार्क २' हा हातपंप आधारलेला होता. तो भारताबरोबर अन्य अनेक विकसनशील देशांत वापरला गेला. वरून बंद असलेल्या या स्रोताने पाण्यातील जिवाणूंचा धोका कमी केला.

या बदलाची दुसरी बाजूही होती. विंधन विहिरींची संख्या व खोली वाढत गेली, तशी उथळ जलधर थरातील पातळी खाली जाऊन अनेक बारवा कोरड्या पडल्या. काही भागांत खोल खडकातील पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत त्यामुळे दातांचे व हाडांचे विकार उद्भवले. कोरड्या पडलेल्या बारवांमध्ये कचरा टाकला जाऊ लागला आणि काही बारवा बुजवून त्या जागी बांधकामे झाली.

भूजलाच्या उपशावर नियंत्रण आणण्यासाठी महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी भूजल विनियमन अधिनियम केला. त्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर खोदण्यास निर्बंध घातले गेले. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला. बारवेचे पाणी भोवतालच्या जलधर थरावर अवलंबून असल्याने, केवळ वास्तूची दुरुस्ती करून तिचे पाणी परत येईल असे नाही.

पुनरुज्जीवन आणि आजचा उपयोग

एकविसाव्या शतकात बारवांची नोंद, स्वच्छता व संवर्धन करण्याचे अनेक स्थानिक प्रयत्न सुरू झाले. 'महाराष्ट्र बारव मोहीम' या स्वयंसेवी उपक्रमातून राज्यभरातील बारवांची नकाशावर नोंद करण्यात येत आहे. महाशिवरात्रीला बारवांमध्ये दिवे लावण्याचा उपक्रमही अनेक गावांत होतो.

स्वच्छता व रोषणाईमुळे वास्तू वाचते. तिचे पाणी पिण्यायोग्य करण्यासाठी मात्र स्वतंत्र योजना लागते. अशा योजनेची सर्वसाधारण सूत्रे पुढीलप्रमाणे आहेत.

पायऱ्या आणि पाणी यांची फारकत: पायऱ्या पाहण्यासाठी व देखभालीसाठी खुल्या ठेवून शेवटच्या टप्प्यावर जाळीचे दार बसविले जाते. पाणी पंपाने उंचावरील टाकीत चढवून नळाने दिले जाते. जुन्या मोटेच्या बाजूने पंपाची नळी सोडल्यास पायऱ्यांच्या मूळ रचनेला धक्का लागत नाही. सौर पंप बसविल्यास विजेच्या खंडाचा प्रश्न कमी होतो.

वाहते पाणी बाहेर ठेवणे: काठाभोवती कठडा व बाहेर उतार असलेला गटार करून गावातील सांडपाणी व रस्त्यावरचे पाणी आत येऊ दिले जात नाही. शौचालयाचे शोषखड्डे व उकिरडे बारवेपासून दूर व उताराच्या खालच्या बाजूस ठेवले जातात.

पुनर्भरण: छपरावरचे किंवा ओढ्याचे पाणी थेट बारवेत न सोडता आधी गाळ बसविणाऱ्या खड्ड्यातून आणि वाळू-खडीच्या गाळणीतून नेले जाते. पाणलोटात समतल चर व बंधारे केल्यास उथळ जलधर थर अधिक काळ भरलेला राहतो.

निर्जंतुकीकरण: ग्रामीण महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने नेमलेला जलसुरक्षक ब्लीचिंग पावडरने पाणी शुद्ध करतो. मात्रा पाण्याच्या घनफळावरून आणि पाण्याची क्लोरीनची गरज तपासून ठरते; म्हणून बारवेचा व्यास व पाण्याची खोली यांची नोंद आवश्यक असते. क्लोरीन टाकल्यावर किमान अर्धा तास पाणी वापरत नाहीत. भारतीय मानक १०५०० नुसार पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो.

तपासणी: त्याच मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नये. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १ मिलिग्रॅम, तर पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. क्लोरीनने जिवाणू मरतात; परंतु नायट्रेट व फ्लोराइड कमी होत नाहीत.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात प्रतिमाणशी प्रतिदिन ५५ लिटर पाणी नळाद्वारे देण्याचे उद्दिष्ट आहे. या हिशेबाने ५०० वस्तीच्या गावाला दिवसाला २७,५०० लिटर पाणी लागेल. १५ मीटर व्यासाच्या बारवेतील एक मीटर पाणी, झऱ्यांची भर धरली नाही तरी, अशा गावाला सुमारे सहा दिवस पुरते. म्हणजे मोठी बारव लहान गावाचा एकमेव स्रोत होऊ शकेलच असे नाही. मात्र नळयोजना बंद पडल्यास किंवा टंचाईच्या काळात ती उपयुक्त राखीव साठा ठरू शकते.

पायविहिरीच्या तत्त्वावर नवीन वास्तूही बांधल्या गेल्या आहेत. राजस्थानातील जोधपूर येथे २००९ मध्ये पूर्ण झालेली 'बिरखा बावडी' ही पावसाचे पाणी साठविणारी आधुनिक बावडी त्याचे एक उदाहरण आहे.

उल्लेखनीय बारवा

लिंब (जि. सातारा): येथील बारामोटेची विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधली. सुमारे ११० फूट खोल व ५० फूट व्यासाच्या या अष्टकोनी विहिरीवर एका वेळी बारा मोटा चालत. विहिरीला जोडून कोरीव खांबांचे दालन आहे. भोवतालच्या आमराईला पाणी देण्यासाठी तिचा उपयोग होई.

वालूर (जि. परभणी): पायऱ्या चक्राकार उतरत जाणारी दुर्मिळ रचनेची बारव.

चारठाणा (जि. परभणी): प्राचीन मंदिरांच्या परिसरातील पायऱ्यांची पुष्करणी.

महिमापूर (जि. अमरावती): अनेक मजल्यांची, कमानी असलेली खोल पायविहीर.

महाराष्ट्राबाहेरील पायविहिरींमध्ये गुजरातमधील पाटण येथील अकराव्या शतकातील राणी की वाव, अडालज येथील वाव आणि राजस्थानातील आभानेरी येथील चांद बावडी प्रसिद्ध आहेत. राणी की वाव या वास्तूचा २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. २०१८ पासून चलनात आलेल्या १०० रुपयांच्या नोटेवर तिचे चित्र आहे.

हेही पाहा

आड
पुष्करणी
मोट
नारू
चवदार तळे सत्याग्रह
पर्जन्यजल संचय